बजरीगराची पिसे

पक्ष्याला पक्षीपण येते ते त्याच्या पिसांमुळे. चोच कासवालाही असते, अंडी सापही घालतो, आणि उडावयाचे म्हटले तर वटवाघूळही उडते. पिसे मात्र आज पृथ्वीवर वावरणाऱ्या प्राण्यांपैकी एकट्या पक्ष्यांनाच लाभली आहेत. पक्ष्याचे वस्त्र, त्याचे छत्र, त्याचे वाहन आणि त्याची ओळख ही सारी ह्या पिसांत साठविलेली असतात. ज्याच्या घरी एखादा पक्षी पाळलेला असेल, त्याने म्हणूनच प्रथम पिसांची भाषा समजून घ्यावयास हवी. मुक्या जिवाला आपले सुखदुःख शब्दांनी सांगता येत नाही. ते सांगण्याचे काम पुष्कळ अंशी त्याची पिसे करीत असतात.

आपल्याकडे पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांत बजरीगर हा लहानसा पोपट विशेष परिचित आहे. बाजारात त्याला पुष्कळदा ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. परंतु ते नाव त्याचे नव्हे. खरे लव्हबर्ड हे आफ्रिकेतील आखूड शेपटीचे निराळेच पोपट होत. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे १८ सेंटिमीटर भरते. परंतु तिच्यातील बराच भाग शेपटीचाच असतो. वजन म्हणाल तर अवघे ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या लिंबाएवढेही नाही. रानातल्या बजरीगराचे पोट हिरवे असते, तोंड पिवळे असते, आणि डोक्यावर, मानेवर व पंखांवर काळ्या रेघांच्या लहरी उमटलेल्या असतात. गळ्यावर काळे ठिपके आणि गालांवर जांभळी छटा अशी त्याची आणखी शोभा. मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस हे त्याचे शास्त्रीय नाव ‘अंगावर लहरी असलेला गाणारा पोपट’ अशाच अर्थाचे आहे.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष, गवताळ मुलखात हे पक्षी थव्याथव्यांनी राहतात. पाऊस पडून गवताला जेथे बी धरेल, तेथे त्यांचा मुक्काम. ते सरले की पुढचा प्रवास. पाण्याच्या शोधात कधीकधी हजारो पक्षी एकत्र उडतात, तेव्हा एखादा हिरवा मेघच वळणे घेत चालला आहे असा भास होतो. जॉर्ज शॉ ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८०५ साली ह्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८४० साली जॉन गूल्ड ह्या पक्षिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाहून परतताना जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले, आणि हा पक्षी युरोपातील घराघरांतून पाळला जाऊ लागला. आज आपल्या देशातील पिंजऱ्यांत दिसणारे बजरीगर हे अशाच रीतीने माणसाच्या हाताखाली वाढलेल्या पक्ष्यांच्या कित्येक पिढ्यांनंतरचे वंशज होत. पिंजऱ्यात जन्मलेल्या ह्या पक्ष्याला रान ठाऊक नाही. परंतु त्याचे शरीर मात्र अजूनही त्या उघड्या माळावरच्या जीवनासाठीच घडलेले आहे. त्याची निगा राखताना ही गोष्ट कधी विसरता कामा नये.

पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले एखादे पीस उचलून नीट न्याहाळले, तर त्याची रचना पाहून कोणीही थक्क होईल. पिसाच्या मध्यभागी एक दांडा असतो. ह्या दांड्याच्या दोन्ही अंगांना अत्यंत बारीक तंतू फुटलेले असतात, आणि त्या प्रत्येक तंतूला पुन्हा त्याहूनही सूक्ष्म असे उपतंतू असतात. एका तंतूच्या उपतंतूंवर अतिसूक्ष्म आकडे असतात व ते शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकून बसतात. त्यामुळे सुटे सुटे तंतू मिळून एक सलग, हलके आणि तरीही चिवट असे पाते तयार होते. रॉबर्ट हुक ह्या शास्त्रज्ञाने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ ह्या ग्रंथात सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पिसांच्या ह्या नवलाचे वर्णन केले आहे. पिसाचे पाते बोटांनी उलट्या दिशेने ओढले तर त्याला चिरा पडतात; पण मुळाकडून टोकाकडे हळूच बोट फिरविले की आकडे पुन्हा परस्परांत अडकतात आणि चीर बुजून जाते. बजरीगर दिवसातून कितीतरी वेळा आपल्या चोचीने हेच काम करीत असतो.

ह्या पात्याखाली, अंगालगत, मऊ लवीसारखी निराळी पिसे असतात. त्यांत आकडे नसल्यामुळे ती मोकळी राहतात व हवा धरून ठेवतात. बजरीगराच्या शरीराचे तापमान माणसाच्या तापमानापेक्षा तीन-चार अंशांनी अधिक, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. एवढ्याशा देहात एवढी ऊब टिकवून धरावयाची म्हणजे हवेचे हे अस्तर अत्यावश्यकच होय. थंडी वाजली म्हणजे पक्षी पिसे फुलवितो, त्यात अधिक हवा कोंडली जाते आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. दुलई पिंजून घेतली म्हणजे ती अधिक उबदार होते, त्यातलाच हा प्रकार.

पिसांचा रंग हाही एक विलक्षण विषय आहे. बजरीगराच्या पिसात हिरवे रंगद्रव्य मुळीच नसते. त्यात एक पिवळे द्रव्य असते, आणि पिसाच्या तंतूंची आतील सच्छिद्र बांधणी अशी असते की, तिच्यावर पडलेल्या प्रकाशातील निळा भाग परत फेकला जातो. ह्या पिवळ्या व निळ्या रंगांच्या मिलाफाने डोळ्यांना हिरवा रंग दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पाळलेल्या पक्ष्यांत हे पिवळे द्रव्य नसलेली पिले निपजली. ती साहजिकच निळी दिसू लागली. आजचे निळे बजरीगर असेच जन्मले. ह्या फरकाच्या मुळाशी कोणता आनुवंशिक घटक आहे, तेही शास्त्रज्ञांनी २०१७ साली शोधून काढले. इतर अनेक पक्ष्यांना पिवळा वा तांबडा रंग अन्नातून मिळतो. पोपटांचे शरीर मात्र आपले पिवळे द्रव्य स्वतःच तयार करते. म्हणून रंग खुलविण्यासाठी म्हणून एखादे खाद्य कोणी विकत असेल, तर बजरीगराला त्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय, ह्या पक्ष्यांना माणसाला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. त्यांच्या माथ्यावरील पिवळी पिसे त्या किरणांत चमकतात आणि जोडीदार निवडताना ही चमक त्यांना महत्त्वाची वाटते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. पिसे ही अशा रीतीने त्यांच्या आपसांतील ओळखीचेही साधन आहेत.

इतकी नाजूक रचना नीट राखावयाची तर तिची मशागतही सतत केली पाहिजे. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या बाजूस, पक्ष्याची एक लहानशी तैलग्रंथी असते. बजरीगर आपली चोच तिच्यावर घासून तेल घेतो आणि मग एकेक पीस चोचीतून ओढून त्याला ते लावतो. विस्कटलेले तंतू जुळतात, धूळ झटकली जाते, पीस लवचीक राहते. निरोगी पक्षी हे काम कंटाळा न करता, एखाद्या चोखंदळ गृहिणीप्रमाणे, दिवसभर अधूनमधून करीत असतो. ज्या दिवशी तो पिसे साफ करावयाचे सोडून एका जागी अंग फुगवून बसेल, त्या दिवशी काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

पिसासंबंधी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते. माणसाचे नख जसे, तसेच ते. पीस वाढत असताना त्याच्या दांड्यात रक्त खेळत असते व त्या रक्तावाटे त्याला पोषण मिळते. वाढ पुरी झाली की रक्ताचा प्रवाह थांबतो. मग ते पीस झिजले, तुटले वा मळले, तर त्याला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. ते गळून त्याच्या जागी नवे येणे हाच एक उपाय. ह्या पालटालाच पीसझड म्हणतात. बजरीगराच्या पिलाची पहिली पीसझड सुमारे तीन-चार महिन्यांच्या वयात होते. तोपर्यंत त्याच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात. त्या झडून कपाळ स्वच्छ पिवळे किंवा पांढरे झाले, म्हणजे पिलू वयात आले असे ओळखावे. पुढे वर्षातून एकदा किंवा दोनदा पिसे पालटतात. ही झड निसर्गाने मोठ्या हिशेबीपणाने बेतलेली असते. सारी पिसे एकदम न गळता थोडी थोडी गळतात, आणि पंखांतील मोठी पिसे तर दोन्ही बाजूंची बहुधा जोडीजोडीने पडतात. त्यामुळे उडताना पक्ष्याचा तोल जात नाही आणि अंगावर कोठे उघडे टक्कलही पडत नाही.

पीसझडीच्या दिवसांत डोक्यावर व मानेवर बारीक पांढरट काटे दिसू लागतात. ते नव्या पिसांचे कोंब होत. प्रत्येक कोंबावर पातळ आवरण असते. पीस तयार झाले की पक्षी ते आवरण चोचीने फोडून टाकतो आणि आतले पीस पंख्यासारखे उलगडते. हे दिवस पक्ष्याला कष्टाचे जातात. पिसे बहुतांशी केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असल्यामुळे ती उगवण्यासाठी शरीराला पुष्कळ सामग्री पुरवावी लागते. पक्षी अधिक झोपतो, कमी गातो, हात लावलेला त्याला खपत नाही. कोवळ्या कोंबांना धक्का लागला तर वेदना होतात, हे त्याचे कारण. अशा वेळी त्याला आग्रहाने हातावर घेऊ नये.

ह्याच दिवसांत उपासमार झाली, आजार आला, किंवा पक्षी फार भ्याला, तर त्याची खूण वाढत्या पिसावर कायमची उमटते. पिसाच्या पात्यावर आडवी, फिकट, क्षीण अशी रेघ दिसते. त्या ठिकाणी पीस कच्चे राहते व पुढे तेथूनच मोडते. पाळणाऱ्याने चार दिवस केलेले दुर्लक्ष अशा रीतीने पुढील पीसझडीपर्यंत पक्ष्याला अंगावर वागवावे लागते. वरून काही लावून ही रेघ पुसता येत नाही. पिसाची निगा म्हणजे पीस उगवण्यापूर्वी घ्यावयाची काळजी होय, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

ह्या काळजीत पहिले स्थान अन्नाचे. राळा, वरी, बाजरी ह्यांसारखी बारीक धान्ये बजरीगर आवडीने खातो. परंतु केवळ धान्यावर ठेवलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्व व चुना पुरेसा मिळत नाही. पिसांना लागणाऱ्या काही प्रथिनघटकांचाही तुटवडा पडतो. त्वचा कोरडी होते, पिसे निस्तेज होतात आणि रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती कमी होते. तेलबिया फार दिल्या तर हा लहानसा पक्षी लठ्ठ होतो व त्याचे यकृत बिघडते. म्हणून धान्याच्या जोडीला रोज स्वच्छ धुतलेली कोथिंबीर, मेथी किंवा शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, ताजे मोड आलेले मूग असे काही द्यावे. पीसझडीच्या दिवसांत उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा आठवड्यातून एकदोनदा दिल्यास नव्या पिसांना प्रथिने मिळतात. चुन्यासाठी पिंजऱ्याला समुद्रफेस अडकवून ठेवावा. समुद्रफेस म्हणजे माकूल जातीच्या जलचराच्या अंगातील पांढरे, ठिसूळ कवच. कोकणच्या किनाऱ्यावर ते लाटांबरोबर वाहून आलेले पुष्कळदा सापडते. आयोडीन कमी पडले तर बजरीगराच्या गळ्यातील ग्रंथी सुजते आणि श्वास घेताना चिरका आवाज येऊ लागतो. असा आवाज ऐकू आल्यास पशुवैद्यांना दाखविण्यास विलंब करू नये. चहा, चॉकलेट, कांदा, लसूण, खारवलेले व तळलेले पदार्थ त्याला कधीही देऊ नयेत. अॅव्होकॅडो हे फळ तर त्याला विषासमान आहे.

धान्याच्या बाबतीत एक फसवणूक अनेकांची होते. बजरीगर प्रत्येक दाणा चोचीत सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तेथेच टाकतो. संध्याकाळपर्यंत वाटी टरफलांनी भरून जाते. दुरून पाहणाऱ्याला वाटी भरलेली दिसते, आणि पक्षी मात्र तिच्यासमोर उपाशी बसलेला असतो. एवढ्या लहान देहात साठा तो किती असणार? एकदोन दिवसांचा उपवासही त्याच्या जिवावर बेतू शकतो. यास्तव रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर घालून टरफले उडवावी, खाली दाणे किती उरले ते पाहावे, आणि ताजे धान्य घालावे. पाणीही रोज बदलावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट भागात, धान्याला लवकर बुरशी येते. ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात थोडे थोडेच आणून ठेवावे.

दुसरी आवश्यक गोष्ट स्नान. रानातील बजरीगर पहाटेच्या दवाने भिजलेल्या गवतात लोळून अंग ओले करून घेतात. घरच्या पक्ष्यापुढे उथळ बशीत बोटभर पाणी ठेवले, किंवा ओली मेथीची जुडी पिंजऱ्यात टांगली, तरी त्याला तोच आनंद मिळतो. स्नानाने धूळ निघते, त्वचेचा कोरडेपणा कमी होतो व नव्या कोंबांची आवरणे मऊ होतात. स्नान सकाळी घालावे, म्हणजे ऊन्ह मावळण्यापूर्वी पिसे वाळतात. पक्षी अनिच्छा दाखवीत असेल तर त्याला बळेच पाण्यात बुडवू नये. साबण, खोबरेल, हळद, रॉकेल ह्यांपैकी काहीही पिसांना लावू नये. तेलाने पिसांचे आकडे परस्परांना चिकटतात, त्यांतील हवा निघून जाते व पक्ष्याला थंडी बाधते; शिवाय चोचीने पिसे साफ करताना ते सारे त्याच्या पोटात जाते.

प्रकाश, झोप आणि हवामान ह्यांचाही पिसांशी निकटचा संबंध आहे. सकाळचे कोवळे ऊन पक्ष्याला हितकर असते. कारण त्यातील किरणांनी शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. बंद खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत, म्हणून काही वेळ पिंजरा उघड्या खिडकीजवळ ठेवावा. मात्र त्याच्या अर्ध्या भागावर सावली असावी. मांजर आणि कावळे ह्यांच्यापासून त्याचे रक्षण करावे, हे सांगावयास नकोच. रात्री दहा ते बारा तास शांतता व अंधार मिळाला नाही तर पक्षी चिडचिडा होतो आणि अवेळी पीसझड होऊ लागते. विदर्भात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा विशेष जपावे लागते. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणारा आणि पंख अंगापासून दूर धरणारा पक्षी उष्म्याने त्रस्त झालेला असतो. त्याला तत्काळ सावलीत, हवेशीर जागी हलवावे व पाणी द्यावे. हिवाळ्याच्या रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाकाव्या. चौथी मोकळी ठेवावी.

पक्ष्याची श्वसनसंस्था माणसापेक्षा निराळी आहे. फुप्फुसांशी जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे ताजी हवा त्याच्या फुप्फुसांतून सतत एकाच दिशेने वाहत राहते. ह्यामुळे त्याला उडण्यासाठी लागणारा प्राणवायू भरपूर मिळतो. पण हवेतील विषही तितक्याच वेगाने त्याच्या रक्तात शिरते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून विसाव्या शतकात दीर्घकाळ कॅनरी पक्षी नेत असत, ते ह्याच कारणाने. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवणे म्हणूनच धोक्याचे होय. फोडणीचा धूर त्याला बाधतो. आणि नॉनस्टिक तवा रिकामा राहून फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत प्राण सोडू शकतो. देवघरातील उदबत्ती व धूप, डासांसाठी जाळावयाच्या अगरबत्त्या, विडी-सिगारेटचा धूर ह्या सर्वांपासून पिंजरा दूर असावा.

पिंजरा घेताना उंचीपेक्षा रुंदीकडे लक्ष द्यावे. कारण पक्षी आडवा उडतो, उभा चढत नाही. पंख दोन्हीकडे पूर्ण पसरले तरी ते गजांना लागता कामा नयेत. नाहीतर पिसांची टोके झिजून तुटतात. बसावयास गुळगुळीत एकसारख्या दांड्यांऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या धुऊन लावाव्या. त्यांनी पायांना व्यायाम होतो व साली सोलण्यात पक्ष्याचा वेळ आनंदात जातो. तळाचा कागद रोज बदलावा. दिवसातून थोडा वेळ त्याला खोलीत उडू द्यावे. पण तत्पूर्वी खिडक्या लावून घ्याव्या आणि छताचा पंखा बंद आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. फिरत्या पंख्याची पाती पक्ष्याला दिसत नाहीत. उडून जाऊ नये म्हणून काही जण पंखांची पिसे कापतात. कापलेले पीस पुढील पीसझडीपर्यंत जसेच्या तसे राहते, आणि तोवर ह्या पक्ष्याला ना उडता येते, ना संकटातून सुटता येते.

आता एक गोष्ट अशी की, जी पैशाने वा औषधाने देता येत नाही. बजरीगराची चोच त्याच्या अंगावर सर्वत्र पोहोचते. पण स्वतःच्या डोक्यावर ती पोहोचू शकत नाही. माथ्यावर नव्या पिसांचे कोंब आले, की त्यांवरील आवरणे काढावयाची कोणी? रानात हे काम सोबती करतो. दोन पक्षी शेजारी बसतात, एक मान खाली वाकवितो आणि दुसरा अलगद चोचीने त्याच्या डोक्यावरची पिसे विंचरतो. मग पाळी बदलते. एकट्या ठेवलेल्या बजरीगराच्या माथ्यावर हे काटे कितीतरी दिवस तसेच राहिलेले दिसतात. पिंजऱ्यात आरसा टांगला म्हणजे सोबत झाली, असे काहींना वाटते. परंतु आरशातला पक्षी मान वाकवितो, पण पिसे विंचरीत नाही. थव्याने राहणारा हा जीव एकटेपणाने झुरतो. कंटाळलेला पक्षी कधीकधी आपलीच पिसे कुरतडू लागतो. म्हणून बजरीगर शक्यतो दोन पाळावेत. ते शक्य नसेल, तर घरातील माणसांनी रोज त्याच्याशी बोलण्यासाठी, त्याला संगत देण्यासाठी ठराविक वेळ काढावा.

एवढी दक्षता घेऊनही आजार येऊ शकतो. नेहमीच्या पीसझडीत टक्कल पडत नाही, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा अंगावर उघडी जागा दिसली, नवी पिसे वेडीवाकडी उगवू लागली, किंवा पंखांची व शेपटीची पिसे एकाएकी गळून पिलाला उडताच येईनासे झाले, तर ते रोगाचे चिन्ह समजावे. चोचीच्या मुळाशी व पायांवर खरबरीत, सच्छिद्र पापुद्रे आले, तर ते त्वचेत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किडीचे काम असते. पशुवैद्यांच्या औषधाने ती बरी होते. पिसांचे काही रोग मात्र विषाणूंमुळे होतात, ते एका पक्ष्यापासून दुसऱ्याला जडतात आणि त्यांवर हमखास औषध नाही. म्हणून नवा पक्षी आणल्यावर त्याला निदान एक महिना निराळ्या खोलीत ठेवावे व मगच जुन्या पक्ष्यांत मिसळू द्यावे. ढेकूण किंवा झुरळे मारण्याची औषधे पक्ष्याच्या अंगावर फवारण्याचे साहस कोणी करू नये.

आजारी पक्ष्याविषयी ध्यानात ठेवण्याजोगी मोठी गोष्ट ही की, तो आपला आजार लपवितो. रानात जो अशक्त दिसतो त्याच्यावर ससाण्याची प्रथम झडप पडते. म्हणून शक्य तोवर धडधाकट दिसण्याची सवय त्याच्या रक्तातच भिनलेली आहे. दिवसा पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसणे, श्वासागणिक शेपटी खालीवर होणे, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, ही चिन्हे दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. ह्यावर सोपा उपाय म्हणजे दर आठवड्याला ठराविक वेळी पक्ष्याचे वजन करून ते वहीत टिपून ठेवणे. पिसे फुगलेली असल्यामुळे डोळ्यांना न दिसणारी रोडावण तराजूला दिसते. ३५ ग्रॅमांच्या पक्ष्याचे ३ ग्रॅम घटले, तर ते ५० किलोच्या माणसाचे चार किलोंहून अधिक घटण्यासारखेच होय.

कधीकधी वाढते पीस धडपडीत मोडते आणि त्यातून रक्त वाहू लागते. बजरीगराच्या सबंध शरीरात तीन-साडेतीन मिलिलिटर रक्त असते. लहान चहाचा चमचासुद्धा त्याने भरणार नाही. त्यामुळे काही थेंबांचेही मोल फार. अशा वेळी गडबडून न जाता पक्ष्याला मऊ फडक्यात सैलसर धरावे, छातीवर दाब देऊ नये, जखमेवर चिमूटभर स्वच्छ मक्याचे पीठ लावून कापसाने हलके दाबावे आणि पशुवैद्यांकडे न्यावे. बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. आपल्या गावाहून जवळचा दवाखाना कोणता, हे पक्षी आजारी पडण्यापूर्वीच विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरते. पोपटांचे काही रोग माणसालाही होऊ शकतात. म्हणून पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुण्यास चुकू नये.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे जरूर आहे. आपल्या रानांत व गावांत बागडणारे पोपट ह्या देशाचे वन्य पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांना पकडणे, विकणे व पाळणे हा अपराध आहे. त्यांची जागा वडा-पिंपळाच्या ढोलीत आहे. बजरीगर परदेशी व पिंजऱ्यातच जन्मलेला असल्यामुळे त्याची गोष्ट निराळी. त्याला दया येऊन सोडून दिले, तर अन्न शोधावयाचे न शिकलेला तो जीव कावळ्यांच्या तोंडी पडतो किंवा उपाशी मरतो. ज्याने त्याला घरी आणले, त्याच्यावरच त्याच्या सबंध आयुष्याचा भार असतो. आणि नीट सांभाळला तर बजरीगर सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो.

पक्षी विकत घ्यावयास जाणाऱ्याने म्हणून आधी आपल्या मनाला काही प्रश्न विचारावेत. रोज सकाळी टरफले फुंकून दाणे पाहण्याइतका वेळ आपल्याजवळ आहे काय? सुटीत गावी जाताना त्याची व्यवस्था कोण पाहील? त्याला सोबती देता येईल काय? ह्या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच पिंजरा घरी आणावा. नसतील, तर खिडकीत पाण्याचे एक पसरट भांडे आणि मूठभर धान्य ठेवावे. चिमण्या, साळुंक्या आपण होऊन येतील. मात्र ज्या घरी बजरीगर आधीच नांदत असेल, त्या घरातील मुलांनी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले पीस केरात टाकण्यापूर्वी एकवार उजेडासमोर धरून पाहावे. त्याचे पाते सलग आणि तकतकीत असेल, त्यावर एकही आडवी रेघ नसेल, तर गेल्या काही महिन्यांत त्या मुक्या जिवाला पोटभर अन्न, शांत झोप आणि निर्भय घर मिळाले, ह्याची ती साक्ष समजावी.